समोरच्याच्या खुर्चीवर

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एक परिच्छेद वाचून झाला की थोडं थांबायचं, त्याला मनात टेकू द्यायचं आणि मगच पुढे जायचं. विषय मोठा आहे, पण त्याच्या बातम्या आपल्यापर्यंत घाईनं येतात. परिषद सुरू झाली, परिषद लांबली, परिषदेनं निराशा केली. दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात हेच मथळे वाचून आपण पान उलटतो. आज त्या मथळ्यांच्या आत जाऊन बसू.

पाठ ताठ, पण खांदे सैल ठेवा. डोळ्यांपुढे एक प्रचंड सभागृह आणा. लांब टेबलांच्या रांगा आहेत. प्रत्येक टेबलावर देशाच्या नावाची पाटी, पाटीमागे माइक, शेजारी भाषांतर ऐकण्याचं यंत्र. १९९२ साली झालेल्या हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे आज १९८ सदस्य आहेत, १९७ देश आणि युरोपीय महासंघ. चीनच्या नावाची पाटी आणि तुवालूच्या नावाची पाटी सारख्याच मापाची आहे. ते सारखं माप काही क्षण नुसतं पाहा.

या सभागृहात मतदान होत नाही. ही गोष्ट आधी मनात नीट ठसू द्या. १९९५ साली बर्लिनला पहिली परिषद भरली, तेव्हा जर्मनीच्या पर्यावरणमंत्री असलेल्या अँगेला मेर्केल अध्यक्षस्थानी होत्या. मतदान घ्यायचंच झालं तर निर्णय किती बहुमतानं करायचा, या नियमावरच देशांचं जमलं नाही. तो नियम आजतागायत मंजूर झालेला नाही. त्यामुळे महत्त्वाचं सगळं सहमतीनं चालतं. मसुदा समोर येतो, अध्यक्ष सभागृहावरून नजर फिरवतात, आणि कुणी ठाम हरकत घेतली नाही तर लाकडी हातोडा टेबलावर पडतो. निर्णय झाला.

या पद्धतीचे दोन परिणाम आहेत. चालायला सर्वांत कमी तयार असलेल्याच्या वेगानं सगळ्यांना चालावं लागतं, हा पहिला. सर्वांत लहान असलेल्यालाही 'नाही' म्हणता येतं, हा दुसरा. आपण पहिल्यावर रागावतो आणि दुसरा विसरतो. पण ही दोन्ही एकाच नियमाची फळं आहेत. एक तोडून दुसरं ठेवता येत नाही.

आता आपण या सभागृहातल्या चार खुर्च्यांवर पाळीपाळीनं बसणार आहोत. पथ्य एकच. ज्या खुर्चीवर बसाल तिचं म्हणणं आधी तिच्याच बाजूनं पूर्ण ऐकायचं. उत्तर मनात तयार होऊ लागलं तर त्याला थोडं थांबवायचं.

पहिली खुर्ची: बेटाची

या खुर्चीवरून समुद्र फार जवळ आहे. तुवालू म्हणजे प्रशांत महासागरातली नऊ बेटं. सगळी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर, माणसं अकरा हजारांच्या आसपास. बराचसा भूभाग समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच्या आत. मागे सरकायला डोंगर नाही, स्थलांतर करायला दुसरा जिल्हा नाही. भरतीच्या दिवसांत पाणी काही ठिकाणी जमिनीतून वर येतं. खारं पाणी विहिरीत उतरलं की बांध घालून ते थांबत नाही.

इथल्या माणसांनी हे संकट ओढवून घेतलेलं नाही. जगाच्या एकूण उत्सर्जनात त्यांचा वाटा इतका नगण्य आहे की त्यांनी उद्या सगळे दिवे मालवले तरी समुद्राला त्याची खबर लागणार नाही. त्यांचं जगणं पूर्णपणे इतरांच्या निर्णयावर टांगलेलं आहे. ही अवस्था क्षणभर स्वतःची मानून पाहा. चूक आपली नाही, उपाय आपल्या हातात नाही, आणि घर मात्र आपलं आहे.

अशा वेळी माणूस काय करतो? बेटांवरची माणसं बोलत राहिली. एप्रिल १९८७ मध्ये मालदीवची राजधानी माले उंच लाटांनी जलमय झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मालदीवचे अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि एक राष्ट्र बुडण्याची शक्यता त्यांनी जगापुढे मांडली. १९९० साली लहान बेटांच्या देशांनी आपली आघाडी उभारली. १९९१ साली, मूळ कराराच्या वाटाघाटी नुकत्या सुरू झाल्या असताना, वानुआतूनं या आघाडीच्या वतीनं एक प्रस्ताव ठेवला. वाढत्या समुद्रानं जे बुडेल त्याच्या भरपाईसाठी एक आंतरराष्ट्रीय विमा निधी असावा, आणि त्यात श्रीमंत देशांनी भर घालावी. कुणी किती द्यायचे याचं सूत्रही त्यांनी दिलं होतं, अर्धा हिस्सा राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात आणि अर्धा कार्बन उत्सर्जनाच्या प्रमाणात.

प्रस्ताव स्पष्ट होता, सभ्य भाषेत होता, हिशेबासकट होता. तो स्वीकारला गेला नाही. १९९२ च्या करारात विम्याचा ओझरता उल्लेख तेवढा राहिला.

मग बेटांनी तीच मागणी पुन्हा केली, आणि पुन्हा. 'हानी आणि नुकसान' या नावानं ती परिषदेमागून परिषदेत येत राहिली. २०१३ साली वॉर्सातली परिषद भरली तेव्हा हैयान चक्रीवादळ फिलिपिन्सला नुकतंच झोडपून गेलं होतं. त्या देशाचे प्रतिनिधी येब सान्यो सभागृहात बोलता बोलता गहिवरले आणि ठोस निष्पत्ती होईपर्यंत परिषदेच्या काळात उपवास करण्याचं त्यांनी जाहीर केलं. तिथून एक यंत्रणा मिळाली, पण पैसा नाही. २०१५ च्या पॅरिस करारात हानीसाठी स्वतंत्र कलम आलं. त्याच वेळी सोबतच्या निर्णयात लिहून ठेवलं गेलं की या कलमाच्या आधारे कुणावर दायित्व किंवा भरपाईची जबाबदारी येणार नाही. २०२२ साली पाकिस्तानात महापूर आला. सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांना त्याचा फटका बसला. त्या वर्षी विकसनशील देशांच्या गटाचं नेतृत्व पाकिस्तानकडेच होतं. इजिप्तच्या शर्म अल शेखमधली परिषद शुक्रवारी संपायची ती रविवारी पहाटेपर्यंत चालली, आणि २० नोव्हेंबर २०२२ रोजी निधी उभारायचा निर्णय झाला.

१९९१ ते २०२२. एकतीस वर्षं. या काळात हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू ३५५ च्या आसपास होते ते ४१८ वर गेले. एक पिढी जन्मली, शिकली, कामाला लागली, आणि मग कुठे ही मागणी तत्त्वतः मान्य झाली. पुढच्या वर्षी दुबईत निधीचं कामकाज ठरलं आणि देशांनी मिळून सत्तर कोटी डॉलरच्या आसपास देऊ केले. पाकिस्तानातल्या त्या एका पुरानं झालेली हानी आणि नुकसान मात्र तीस अब्ज डॉलरहून अधिक होतं.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. घाईनं कुणाला दोष देऊ नका, आणि घाईनं समाधानही मानू नका.

हानी म्हणजे काय, हे आपल्याला फार लांबून समजून घ्यावं लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आलं. ते केवळ तापमानवाढीमुळे आलं असं म्हणता येणार नाही, पण वादळ काय घेऊन जातं हे त्यानं दाखवलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनाम्यात झाडांची संख्या लिहिता येते. पण नवी पोफळ फळावर यायला वर्षं जातात, आणि आज्यानं लावलेलं झाड नातवाच्या डोळ्यांदेखत पडतं त्याला कोणत्या रकान्यात लिहायचं? बेटांना वाडीपेक्षा मोठी गोष्ट गमवावी लागणार आहे. पूर्वजांना जिथं पुरलं ती जमीन, जिथं गाणी जन्मली तो किनारा. या खुर्चीवरून उठण्याआधी एवढं मनात राहू द्या की ही माणसं भीक मागत नव्हती. जी तूट इतरांनी निर्माण केली तिची भरपाई ती मागत होती.

दुसरी खुर्ची: भारताची

ही आपलीच खुर्ची. आपल्या खुर्चीवर नीट बसणं सर्वांत अवघड असतं, कारण इथलं प्रत्येक म्हणणं आपल्याला आधीच पटलेलं असतं.

जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद झाली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथं गेलेल्या एकमेव सरकारप्रमुख इंदिरा गांधी होत्या. गरिबी आणि गरज यांना बाजूला ठेवून प्रदूषणाचा विचार करता येत नाही, हे त्यांनी तिथं ठामपणे मांडलं. १९९१ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका लिहिली. भातखाचरातून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा कार्बन एकाच तागडीत कसे तोलता, हा त्यांचा प्रश्न होता. एक वायू पोट भरताना निघतो, दुसरा हौस भागवताना. त्या वाटाघाटींत चंद्रशेखर दासगुप्ता यांच्यासारख्या भारतीय मुत्सद्द्यांनी दरडोई उत्सर्जनाचा मुद्दा लावून धरला. १९९२ च्या करारात तत्त्व आलं ते असं: जबाबदारी सगळ्यांची आहे, पण सारखी नाही. ज्यानं अधिक वापरलं आणि ज्याची ऐपत अधिक, त्यानं अधिक उचलावं.

भावकीच्या सामाईक विहिरीचा विचार करा. एका घरानं दीडशे वर्षं मोटा लावून ऊस पिकवला, माडी बांधली. दुसऱ्या घरानं आत्ताच कुठे पोहरा सोडला, आणि तेवढ्यात पाणी तळाला गेलं. आता सगळ्यांनी सारखंच कमी उपसायचं, असं माडीवरून सांगितलं तर ते ऐकायला कुणाला न्याय वाटेल?

हे म्हणणं खरं आहे. आजही सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, सरासरी अमेरिकी माणसामागे चौदा टनांच्या आसपास. आजवर हवेत सोडलेल्या या वायूपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. बाकूच्या परिषदेत २०२४ साली श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट मान्य केलं, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम असल्याचं भर सभेत सांगितलं. कोपनहेगनला २००९ साली कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत यायचे होते. ते उद्दिष्ट पहिल्यांदा पूर्ण झालं २०२२ साली. शब्द उशिरा पाळणाऱ्याच्या नव्या शब्दावर विश्वास ठेवणं कठीण जातं.

आता याच खुर्चीवर बसून जरा आतल्या बाजूला वळा. दोन टनांची ही सरासरी कुणाची आहे? मेळघाटातल्या झोपडीचा आणि पुण्या-मुंबईतल्या चार वातानुकूलन यंत्रांच्या घराचा हिशेब त्यात एकत्र झाला आहे. जगापुढे आपण गरिबाचा आकडा दाखवतो. तो दाखवण्याचा हक्क आपल्याला आहे, पण त्या आकड्याच्या सावलीत उभं राहून आपल्यातल्या संपन्नांनी आपलं माप टाळायचं नसतं. जो न्याय आपण बाकूला मागतो तोच घरात लागू होतो.

आणि चंद्रपूरचा विचार करा. २०२१ साली ग्लासगोला शेवटच्या तासांत कोळशावरून मसुदा अडला. कोळसा बंद करत नेण्याऐवजी त्याचा वापर घटवत नेण्याची भाषा भारतानं पुढे केली, आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा सभागृहाची माफी मागताना कंठ दाटून आला. जगानं भारताला बोल लावला. पण तो शब्द जिथं खरा होतो ती जागा बल्लारपूर-घुग्घुसच्या खाणींत आहे, चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्रात आहे. तिथला कामगार, त्याच्यावर चालणारं चहाचं दुकान, ट्रकचा हप्ता, मुलीच्या कॉलेजची फी. त्याच चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. कोळशावर पोट आणि कोळशाच्या उष्णतेत जगणं, दोन्ही एकाच घरात. या घराला विचारल्याशिवाय खाण बंद करणं अन्याय आहे. आणि या घराला काहीच पर्याय न देता खाण चालू ठेवणं हाही अन्यायच आहे.

या वाक्यापाशी थोडा वेळ बसा. त्यातून सोपी वाट निघत नाही, आणि ती निघाल्याचा आव आणायची गरजही नाही.

तिसरी खुर्ची: श्रीमंताची

इथं बसायला मन राजी होत नाही. तरी बसा, कारण ही खुर्ची रिकामी राहिली तर बाकीच्या खुर्च्यांना काही मिळणार नाही.

जुलै १९९७ मध्ये, क्योटोची परिषद पाच महिन्यांवर असताना, अमेरिकेच्या सिनेटनं ठराव केला. विकसनशील देशांवर बंधनं नसतील, किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला मोठी झळ बसणार असेल, तर अशा करारावर सही करू नये. ठरावाच्या बाजूनं ९५ मतं, विरोधात एकही नाही. ठराव मांडणाऱ्यांत रॉबर्ट बर्ड होते, वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर. वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे कोळशाचा मुलूख. त्या खोऱ्यातल्या कामगाराची भीती आणि घुग्घुसच्या कामगाराची भीती जवळजवळ एकच आहे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या नावानं बोलणारे मात्र त्या सभागृहात समोरासमोर बसून भांडतात.

२०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध पिवळी जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर उतरले. पॅरिस करार ज्या देशात झाला, तिथंच खेड्यात राहून गाडीनं कामाला जाणारा माणूस म्हणाला की हा भार माझ्यावर का. श्रीमंत देशाच्या मंत्र्याच्या मागे हा माणूस उभा असतो. भरपाईचा शब्द एकदा कायद्यात आला तर मागण्यांना अंत राहणार नाही, ही भीतीही या खुर्चीला आहे. म्हणूनच पॅरिसमध्ये दायित्व नाकारणारं ते वाक्य लिहून घेतलं गेलं.

ही भीती समजून घ्या. समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. भीतीला बसायला जागा देता येते, निर्णय मात्र तिच्या हाती द्यायचा नसतो. दीडशे वर्षांच्या वापरातून उभी राहिलेली संपत्ती आज त्या देशांतल्या शाळांत, दवाखान्यांत, रस्त्यांत आहे. वारसा घ्यायचा आणि त्यावरचं कर्ज नाकारायचं, हे कोणत्याही समाजात चालत नाही.

आणि ही खुर्ची कधी कधी रिकामीही होते. अमेरिकेनं क्योटो कराराला कधी मंजुरी दिलीच नाही. पॅरिस करारातून ती २०२० साली बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा तिनं केली. प्रत्येक वेळी वाटलं की आता सगळा डोलारा कोसळणार. बाकीचे देश बसून राहिले. कुणी उठून गेलं तरी टेबल उधळू द्यायचं नाही, हा निश्चय या सभागृहानं आजवर जपला आहे. त्याची आपण पुरेशी दखल घेत नाही.

चौथी खुर्ची: अध्यक्षाची

आता व्यासपीठावर या. हातात तो हातोडा आहे. समोर हजारो माणसं, दोन आठवड्यांचं जागरण डोळ्यांत. मसुद्यावर कुणीच पूर्ण खूश नाही. तुम्हाला ठरवायचंय की समोरची शांतता होकाराची आहे की थकव्याची.

क्योटोला १९९७ साली अर्जेंटिनाचे राऊल एस्त्राडा यांनी रात्रभर चाललेल्या बैठकीत एकेक कलम पुढे रेटलं. कोपनहेगनला २००९ साली मोठ्या देशांनी बंद खोलीत तयार केलेला मसुदा शेवटच्या रात्री सर्वांपुढे आला. तुवालूनं हरकत घेतली, बोलिव्हियानं घेतली, आणखी काही देशांनी घेतली. जगातले बलाढ्य नेते येऊन गेले होते, तरी तो मसुदा मंजूर होऊ शकला नाही. परिषदेनं त्याची फक्त नोंद घेतली. पुढच्या वर्षी कान्कूनला मेक्सिकोच्या पात्रिसिया एस्पिनोसा यांनी एकट्या बोलिव्हियाचा विरोध नोंदवून हातोडा मारला. सहमती म्हणजे एका देशाला सगळ्यांना अडवण्याचा अधिकार नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

कोपनहेगन बरोबर की कान्कून? लगेच उत्तर देऊ नका. एकट्याचं 'नाही' कधी विवेकाचं असतं, कधी निव्वळ अडवणुकीचं. तुवालूचं 'नाही' जिवाच्या आकांताचं होतं. त्या मसुद्यात तापमानवाढीची मर्यादा दोन अंश होती, आणि बेटांना दीड अंश हवा होता. हा अर्धा अंश किती मोठा आहे, हे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरशासकीय मंडळानं सांगितलं. दीड अंशाला जगातली ७० ते ९० टक्के प्रवाळं नष्ट होतात, दोन अंशांना जवळजवळ सगळीच. ज्यांची जमीनच प्रवाळाची आहे त्यांना हा अर्धा अंश कमी वाटेल कसा?

दीड अंश पॅरिसमध्ये आला. तो तिथं आणणाऱ्यांत मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री टोनी डीब्रम पुढे होते. १९५४ साली बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा नऊ वर्षांच्या टोनीनं आजोबांबरोबर मासे धरताना आकाश उजळलेलं पाहिलं होतं. मोठ्या देशांच्या निर्णयाची किंमत लहान बेट कशी मोजतं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पॅरिसमध्ये त्यांनी श्रीमंत आणि गरीब देशांना एका आघाडीत आणलं. १२ डिसेंबर २०१५ ला लोरां फाबियुस यांचा हातोडा पडला. प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री म्हणून भारताच्या बाजूनं त्या सभागृहात होते. कराराच्या दुसऱ्या कलमात दोन अंशांच्या बरोबरीनं दीड अंशासाठी प्रयत्नांचा शब्द लिहिला गेला.

आणि मग दुबई, १३ डिसेंबर २०२३. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख असलेला पहिला निर्णय. हातोडा पडला, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यानंतर सामोआच्या ॲन रासमुसेन बेटांच्या वतीनं बोलल्या. हातोडा पडला तेव्हा बेटांचे प्रतिनिधी सभागृहात नव्हते. ते आपसात चर्चा करून येत होते. ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं त्यांच्याविना सहमती झाली होती.

अध्यक्षाच्या खुर्चीवरून हे दृश्य पाहा. सारख्या मापाच्या पाट्या सारखं बळ देत नाहीत. मोठा देश शेकडो माणसं आणतो. लहान देशाची मोजकी माणसं एकाच वेळी चाललेल्या अनेक बैठकांत विभागली जातात. ऐकून घ्यायचं तर वाट पाहावी लागते, आणि वाट पाहावी तर वेळ निघून जातो. या पेचाला कायमचं उत्तर नाही. दर परिषदेत, दर रात्री, प्रत्येक अध्यक्षाला ते नव्यानं शोधावं लागतं.

सगळ्या खुर्च्या एकत्र पाहताना

आता मागे सरका आणि सभागृह पुन्हा पूर्ण पाहा. मघाशी ते गोंगाटाचं वाटलं असेल. आता प्रत्येक पाटीमागे काय आहे ते थोडं माहीत आहे.

मनात एक प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. या सगळ्यानं झालं काय? उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं. पॅरिसच्या आधी शतकाअखेर चार अंशांच्या आसपास वाढ होईल असे अंदाज होते. आता ते अडीच ते तीन अंशांच्या घरात आहेत. हे कमी नाही. आणि २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या तापमानापेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलं, असं पूर्ण वर्ष पहिल्यांदाच. हे भयावह आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात धरा. पहिल्यानं सुस्त होऊ नका, दुसऱ्यानं हातपाय गाळू नका.

या सभागृहात काही मिळालं असेल तर ते तगादा न सोडणाऱ्यांना मिळालं. संयम त्यांच्याजवळ होता, पण तो गप्प बसण्याचा नव्हता. नकार मिळाला तरी खुर्ची सोडायची नाही, आणि खुर्ची राखली म्हणून मागणी सोडायची नाही, असा तो होता. २०१९ साली दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाटलं की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यावा. वानुआतूच्या सरकारनं त्यांचं ऐकलं. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं त्याला संमती दिली. २३ जुलै २०२५ रोजी द हेगच्या न्यायालयानं एकमतानं मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईचीही जबाबदारी येऊ शकते. मत सल्लावजा आहे, सक्तीचं नाही. पण पॅरिसमध्ये एक वाक्य लिहून जे दार लावलं गेलं होतं, ते विद्यार्थ्यांच्या एका वर्गानं पुन्हा किलकिलं केलं. प्रस्ताव त्याच वानुआतूचा, ज्यानं १९९१ साली विम्याचा हिशेब मांडला होता.

आपला वाटा काय, हे आता विचारा. त्या सभागृहात आपण जाणार नाही. पण तिथं आपल्या नावाची पाटी आहे, आणि तिच्यामागे बसणारी माणसं आपल्या वतीनं शब्द देतात. भारतानं २०३० पर्यंत अर्थव्यवस्थेच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचा शब्द दिला आहे, आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा. हे शब्द आपण दिलेले आहेत, म्हणून ते आपल्याला माहीत असायला हवेत. आपल्या आमदार-खासदाराला, महापालिकेला, वीज कंपनीला त्यांबद्दल विचारता यायला हवं. चंद्रपूरच्या कामगाराचं पुढं काय, कोकणच्या किनाऱ्याचं काय, उन्हात राबणाऱ्यांच्या सावलीचं काय, हे प्रश्न ग्रामसभेत आणि वॉर्डाच्या बैठकीत निघायला हवेत. आणि जगाकडून न्याय मागताना आपण आपल्या गरिबाला तो देतो आहोत का, हेही स्वतःला विचारायला हवं.

पुढची परिषद लांबली, अडली, निराश करून गेली अशी बातमी येईल तेव्हा पान उलटण्याआधी एवढं करा. त्या दिवशी कोण कुणाला काय मागत होतं आणि कुणी काय नाकारलं, हे शोधून वाचा. मग ज्याचं म्हणणं तुम्हाला सर्वांत चुकीचं वाटतं, त्याच्या खुर्चीवर थोडा वेळ बसा. आणि उठल्यावर, जे न्याय्य वाटतं त्याचा तगादा लावा. तो एकदा लावून सोडू नका.